ताप नव्हता, म्हणून आम्ही थांबलो

१० मार्चला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, न्यूमोनियानंतर सहा आठवड्यांनी काढायचा छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, जानेवारीतली जुनी फिल्म शेजारी धरली आणि म्हणाले, "आता स्वच्छ आहे." जुन्या फिल्मवर उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा ढग होता. सुरुवात मात्र झाली होती पाच वर्षांच्या नातवाच्या सर्दीपासून.

घरी परत येतानाच ठरवलं की हे तारखांसकट लिहून ठेवायचं. त्या आठवड्यात मी रात्र रात्र फोनवर शोधत होते आणि आपल्या भाषेत, आपल्यासारख्या घरातल्या कुणी लिहिलेलं काही सापडत नव्हतं. मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत नोकरी करते. औषधांचं मला काही सांगायचं नाही. आम्ही काय पाहिलं, काय पाहायचं राहिलं आणि कागदपत्रांत कुठे अडकलो, एवढंच सांगते.

अण्णा ७४ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई आणि ते निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, मी नाशिकला, भाऊ ठाण्याला. अण्णांना बीपीची एक गोळी सोडली तर दुसरं काही नाही. विडी-तंबाखू आयुष्यात नाही. बाग आता चुलतभाऊ बघतो, तरी रोज सकाळी एक चक्कर मारल्याशिवाय यांना चहा गोड लागत नाही.

१२ जानेवारीला, रविवारी, भाऊ-वहिनी संक्रांतीसाठी गावी आले. नातवाचं नाक गळत होतं, बाकी मुलगा मजेत होता. दोन दिवस तो अण्णांच्याच मांडीवर. संक्रांत झाली, ते ठाण्याला परतले आणि १६ तारखेला अण्णांना शिंका सुरू झाल्या. आईने सुंठ-तुळशीचा काढा दिला, वाफ दिली. त्या दिवसांत निफाडला कडाक्याची थंडी होती. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्री शेकोट्या पेटवतात, आणि अण्णा त्या धुरात जाऊन बसत होते. मी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "पडसं आहे गं, जाईल आठवड्यात."

आणि खरंच बरं वाटायला लागलं. रविवारी १९ तारखेला अण्णा बागेत जाऊन आले, दीड भाकरी खाल्ली. मी निर्धास्त झाले.

मंगळवारी २१ तारखेला खोकला परत आला. या वेळचा खोकला वेगळा, छातीतून येणारा. जेवण कमी झालं, दुपारीसुद्धा झोपून राहू लागले. आईने गावातल्या मेडिकलमधून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. संध्याकाळी मी फोनवर एकच प्रश्न विचारला, "ताप आहे का?" आई म्हणाली, "नाही, अंग तर गारच आहे." बुधवारीही तेच विचारलं, तेच उत्तर आलं. थर्मामीटरवर ९८.८. "मग सर्दीच आहे, शनिवारी येते," असं म्हणून मी फोन ठेवला.

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात परत ऐकलं आहे. ताप नाही या एका गोष्टीवर आम्ही सगळे विसंबलो. वयस्कर माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बरं झालेलं पडसं दोन-तीन दिवसांनी उलटलं तर लगेच दाखवायचं, हेही माहीत नव्हतं. खाणं तुटणं, पडून राहणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही दिसलं की उशीर करायचा नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

२३ जानेवारीला, गुरुवारी पहाटे पाच वाजता आईचा फोन आला. "अगं, हे कसंतरीच बोलतायत. लवकर ये." रात्री तीनला अण्णा टॉर्च घेऊन दारात उभे होते. पोरं जमलीत का, प्रभातफेरीला उशीर होतोय, असं विचारत होते. निवृत्त होऊन त्यांना पंधराहून जास्त वर्षं झाली आहेत. आईने हात धरून आत आणलं तर दहा पावलांत धाप लागली.

मी आणि नवरा पाऊण तासात गावी पोचलो. अण्णा पलंगावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून. ओठ निळसर दिसत होते. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता, पण त्यातले सेल संपलेले. टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. बोटं बर्फासारखी गार होती म्हणून आकडाच येईना. आईने हात चोळून ऊब आणली, मग आकडा स्थिर झाला. ८६. गार बोटांवर ऑक्सिमीटर चुकीचं दाखवू शकतो, हात गरम करून अर्धा-एक मिनिट आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, हे त्या सकाळी कळलं. आणि घरात ऑक्सिमीटर असेल तर त्याचे सेल आजच बघून घ्या.

तालुक्याच्या ठिकाणी थांबायचं की थेट नाशिकला न्यायचं, यावर दारातच दोन मिनिटं गेली. नाशिकलाच न्यायचं ठरलं आणि मी १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका वीसेक मिनिटांत आली आणि वाटेतच त्यांनी ऑक्सिजन लावला. आमच्या गाडीतून नेलं असतं तर तो तासभर ऑक्सिजनशिवाय गेला असता. निघताना मी तीन गोष्टी पिशवीत टाकल्या होत्या: आधार कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड आणि घरात सापडल्या तेवढ्या औषधांच्या पट्ट्या. पट्ट्यांचा फार उपयोग झाला. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच होता, की आधी कोणतं अँटिबायोटिक घेतलं आणि किती गोळ्या.

तिथे आत घेतलं. एक तरुण डॉक्टर मुलगी अण्णांच्या शेजारी उभी राहिली आणि पूर्ण एक मिनिट घड्याळाकडे आणि त्यांच्या पोटाकडे बघत राहिली. ३२ श्वास. निरोगी मोठ्या माणसाचे विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० असतात. मग तिने विचारलं, "बाबा, आज वार कोणता? आपण कुठे आहोत?" अण्णा म्हणाले, "शाळेत." तिने शांतपणे लिहून घेतलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

एक्स-रे, ईसीजी, मनगटातून धमनीचं रक्त, बाकीचं रक्त. अकराच्या सुमारास छातीचे डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून नीट समजावून सांगितलं. न्यूमोनियाच्या रुग्णाला घरी ठेवायचं की भरती करायचं, हे ठरवताना पाच गोष्टी बघतात आणि प्रत्येकीला एक गुण देतात. बोलण्यात गोंधळ, रक्तातलं युरिया वाढलेलं, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, बीपी खूप उतरलेलं, आणि वय ६५ किंवा जास्त. अण्णांचे तीन गुण झाले. तीन म्हणजे भरती, आणि नजर ठेवावी लागेल अशा जागी. "व्हेंटिलेटर लागेल का?" हा प्रश्न मी विचारला तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ते म्हणाले, "आत्ता मास्कवर ९४ येतंय. पुढचे ४८ तास बघू." त्या क्षणी ते उत्तर अपुरं वाटलं. आता वाटतं, खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, ते फार बरं केलं.

इथून कागदांचा भाग सुरू झाला. भरती होताना ३०,००० रुपये डिपॉझिट भरावं लागलं, कॅशलेस मंजूर झाल्यावर बिलात वळतं करू असं सांगून. पॉलिसी भावाने २०१८ मध्ये काढलेली, तीन लाखांची. खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये, आणि अतिदक्षता विभागासाठी दोन टक्के. हे मला माहीत नव्हतं. विम्याच्या खिडकीतल्या मुलानेच कार्ड बघून सांगितलं, "ताई, वॉर्डात आल्यावर सिंगल रूम घेऊ नका. मर्यादेच्या वरची खोली घेतली की नुसता भाड्याचा फरक नाही, बाकीचं बिलसुद्धा त्या प्रमाणात कापतात." त्याचे उपकार मी विसरणार नाही. आम्ही पुढे दोन खाटांची खोली घेतली, बरोबर ३,००० ची.

कॅशलेसच्या अर्जावर एक तासाच्या आत निर्णय द्यायचा, असा विमा नियामकाचा मे २०२४ चा नियम आहे. पण हा तास अर्ज कंपनीकडे पोचल्यापासून मोजतात, तुम्ही फॉर्म भरून दिल्यापासून नाही. आमचा फॉर्म दहाला भरून झाला होता, डॉक्टरांची सही व्हायची होती म्हणून तो सव्वाबारापर्यंत टेबलावरच पडून होता. मी दोनदा जाऊन विचारलं, तेव्हा गेला. मंजुरी एक वाजून पाच मिनिटांनी आली, सुरुवातीची ५०,००० ची. म्हणून सांगते, विमा कंपनीवर चिडण्याआधी मेल किती वाजता गेला ते खिडकीवर विचारा.

संध्याकाळी वाढीव रकमेसाठी अर्ज गेला आणि क्वेरी आली: बीपी कधीपासून आहे, त्याचे कागद द्या. आईच्या लोखंडी पेटीत २०१६ चा केसपेपर होता. चुलतभावाने पेटी उघडून फोटो पाठवला. पॉलिसी घेताना भावाने बीपी लिहिलेलं होतं, त्यामुळे तो कागद आणि डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र एवढ्यावर विषय मिटला. तेव्हा लपवलं असतं तर त्या रात्री काय उत्तर दिलं असतं, कुणास ठाऊक.

त्याच दिवशी आणखी एक निर्णय घ्यायचा होता. नाकातून स्वॅब घेऊन वीसेक विषाणू-जिवाणू एकदम शोधणारी पीसीआर तपासणी असते. ती बाहेरच्या प्रयोगशाळेत जाणार होती, खर्च १३,५०० रुपये, आणि विम्यातून मिळेलच अशी खात्री नाही. जानेवारी २०२५ चे ते दिवस आठवा. टीव्हीवर रात्रंदिवस एचएमपीव्ही हा श्वसनाचा विषाणू चालू होता. महिन्याच्या सुरुवातीला बंगळुरूत बाळांमध्ये तो सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि लोक पुन्हा मास्क शोधू लागले होते. प्रतीक्षाकक्षात जो तो तेच बोलत होता. मी घाबरून डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, एचएमपीव्ही नवा नाही, २००१ पासून माहीत आहे. त्यांना खरी काळजी फ्लूची होती, कारण फ्लूवर औषध आहे आणि ते लवकर द्यावं लागतं. रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी ते औषध सुरूच केलं, सोबत सलाईनमधून दोन अँटिबायोटिक. आम्ही तपासणीला हो म्हणालो.

२४ तारखेला दुपारी रिपोर्ट आला. फ्लू नाही. कोविड नाही. आरएसव्ही नाही. एचएमपीव्ही नाही. एकाच ओळीसमोर 'डिटेक्टेड' लिहिलेलं: ह्युमन ऱ्हायनोव्हायरस/एंटेरोव्हायरस. ही दोन नावं एकत्र का, तर दोन्ही एकाच कुळातले आणि इतके सारखे की ही तपासणी त्यांना वेगळं काढू शकत नाही.

ऱ्हायनोव्हायरस म्हणजे सर्दीचा विषाणू. आपल्या पडशांमागे सगळ्यांत जास्त वेळा हाच असतो. मी रिपोर्ट हातात धरून उभी होते आणि मला कळत नव्हतं की सुटल्यासारखं वाटून घ्यावं की घाबरावं. सर्दीच्या विषाणूने माणूस ऑक्सिजनवर जातो?

डॉक्टरांनी त्यांच्या खोलीत बसवून सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते. ऱ्हायनोव्हायरसचे १६० च्या वर प्रकार आहेत. नाकातलं ३३-३४ अंशांचं थंड हवामान त्याला जास्त मानवतं, म्हणून तो बहुतेक वेळा नाकातच राहतो आणि जातो. पण वय झालेलं, फुप्फुस अशक्त, किंवा दमा असेल तर तो खाली उतरू शकतो. कधी तो स्वतः न्यूमोनिया करतो, कधी श्वासनलिकेचं अस्तर दुखावून ठेवतो आणि मागून जिवाणू शिरतात. अण्णांचं मधे बरं वाटून पुन्हा बिघडलं होतं, त्यामुळे दुसरी शक्यता त्यांना जास्त वाटत होती. मी विचारलं, मग अँटिबायोटिक बंद का करत नाही, विषाणू सापडला ना? ते म्हणाले, "हा रिपोर्ट नाकातलं सांगतो. फुप्फुसात काय आहे ते सांगत नाही." फ्लूचं औषध मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी थांबवलं. ऱ्हायनोव्हायरसवर औषध नाही. ऑक्सिजन, पाणी, विश्रांती आणि वेळ, एवढंच.

रक्ताच्या आणि बेडक्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, पुढे काहीच वाढलं नाही. आधी घेतलेल्या मेडिकलमधल्या गोळ्यांमुळे कदाचित जिवाणू दडले असतील, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे नेमका गुन्हेगार कोण ते आम्हाला कधीच कळणार नाही. मला याचा त्रास झाला. रात्री वाचत बसले तेव्हा एका मोठ्या अभ्यासाची माहिती मिळाली. अमेरिकेत शिकागो आणि नॅशव्हिलमधल्या पाच रुग्णालयांत २०१० ते २०१२ या काळात न्यूमोनियाने भरती झालेल्या प्रौढांचा तो अभ्यास, २०१५ मध्ये छापलेला. २,२५९ जणांच्या सगळ्या तपासण्या करूनही फक्त ३८ टक्क्यांमध्ये काही जंतू सापडला. आणि जे सापडले त्यांत सगळ्यांत वर ऱ्हायनोव्हायरस होता, ९ टक्के रुग्णांत. त्याखाली फ्लू ६ टक्के आणि न्यूमोनियाचा नेहमीचा जिवाणू न्यूमोकोकस ५ टक्के. म्हणजे आमचं घर काही जगावेगळं नव्हतं. त्या रात्री मला पहिल्यांदा दोन तास झोप लागली.

झोपायला प्रतीक्षाकक्षातल्या फरशीवर चटई होती. ती माझी नव्हती. दिंडोरीकडच्या एका आजीबाईंची सून चार दिवसांपासून तिथे होती, तिने अर्धी चटई मला दिली. आत भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाच, एका वेळी एकच जण. ती अर्धी चटई, थर्मासमधला चहा आणि मोबाइलचा लांब वायरचा चार्जर यांवर आम्ही दोघींनी दोन रात्री काढल्या. अतिदक्षता विभागाबाहेर राहायची वेळ आली तर सतरंजी, शाल आणि थोडे सुटे पैसे घरून आणा.

भावाचा आणि वहिनीचा फोन दर तासाला यायचा. आपल्या मुलामुळे झालं, असं वहिनीच्या मनाने घेतलं होतं, ती फोनवर रडली. मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मुलांना वर्षातून कितीदा सर्दी होते. आजोबा-नातवाला कुणी वेगळं ठेवतं का? नाक पुसल्यावर त्याचे आणि यांचे हात धुवा, बस." मी तसंच वहिनीला सांगितलं. या घरात कुणी कुणाला दोष द्यायचा नाही, हे आईने स्वतः फोन घेऊन तिला सांगितलं.

२५ तारखेला मास्कचा ऑक्सिजन सहा लिटरवरून चारवर आला आणि संध्याकाळी अण्णांना वॉर्डात हलवलं. रात्रभर माझी नजर त्या बुडबुड्यांच्या बाटलीवर होती.

२६ जानेवारीच्या सकाळी दवाखान्याच्या आवारात झेंडावंदन झालं. खिडकीतून राष्ट्रगीत ऐकू आलं तसे अण्णांनी पलंगाच्या कठड्याला धरून ताठ बसायचा प्रयत्न केला. नाकातल्या नळ्या ओढल्या जात होत्या, तरी गीत संपेपर्यंत तसेच बसले. मग म्हणाले, "आज शाळेत जायला पाहिजे होतं." माझ्या पोटात खड्डा पडला. पुन्हा तेच सुरू झालं की काय? त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, निवृत्त झालोय, माहितीय मला. झेंड्याला दरवर्षी जातोच की."

मी बाहेर जाऊन आईला फोन केला.

२७ ला ऑक्सिजन दोन लिटरवर, दुपारी बंद. बंद केल्यावर ९३, अण्णांना थोडं चालायला लावल्यावर ९१, दुसऱ्या दिवशी चालल्यावरही ९४. फिजिओथेरपीवाल्या मुलीने श्वासाच्या व्यायामाचं, प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं यंत्र आणलं, खालच्या मेडिकलमध्ये ३२० रुपयांचं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, फुंकायचा नाही. ओढला की पहिली निळी गोळी वर जाते, जोर वाढला की दुसरी, मग तिसरी, आणि वर गेलेली गोळी दोन-तीन सेकंद धरून ठेवायची. पहिल्या दिवशी पहिली गोळी अर्ध्यापर्यंत जाऊन टपकन खाली पडली आणि अण्णांना खोकल्याची उबळ आली. आयुष्यभर वर्गात मोठ्याने कविता म्हणून दाखवलेला माणूस. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मीही बोलले नाही. तासाभराने त्यांनी स्वतःच परत उचललं.

बुधवारी २९ तारखेला डिस्चार्ज मिळाला. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, घरी जा. घरी जायला सहा वाजले. फाइल वॉर्डातून बिलिंगला पोचायलाच साडेबारा झाले आणि अंतिम मंजुरीचा मेल पावणेदोनला गेला. तीन तासांत मंजुरी द्यायची, असा नियम इथेही आहे, आणि ती चार वाजून वीस मिनिटांनी आली, म्हणजे नियमात बसली. एकूण बिल १,३८,४६० रुपये. विम्याने दिले १,१४,९००. आमच्या खिशातून २३,५६०, ते डिपॉझिटमधून वळते झाले आणि उरलेले परत मिळाले. कापलेल्या रकमेत हातमोजे, मास्क, ॲडमिशन किट, फाइलचा खर्च असल्या वस्तू, अतिदक्षता विभागाच्या भाड्यातला फरक, आणि त्या पीसीआर तपासणीचा बराचसा भाग होता. निघताना डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट, एक्स-रे आणि सविस्तर बिल मागून घ्या. आम्हाला आधी एकाच ओळीचं बिल दिलं होतं.

घरी आल्यावर सगळं पूर्ववत होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. अँटिबायोटिकच्या गोळ्या दोन दिवसांत संपल्या, पण अण्णांना अंगणातल्या नळापर्यंत जाऊन यायला पंधरा दिवस लागले. खोकला फेब्रुवारीभर होता. तोंडाला चव नव्हती, चिडचिड व्हायची, दुपारी डोळे भरून यायचे. मला वाटलं पुन्हा बिघडतंय. १२ फेब्रुवारीला दाखवून आणलं, ८०० रुपये फी, आणि उत्तर मिळालं की या वयात पूर्ण शक्ती यायला महिना-दीड महिना लागतोच. हे डिस्चार्जच्या दिवशीच कुणी स्पष्ट सांगितलं असतं तर आम्ही एवढे धास्तावलो नसतो, म्हणून इथे मी सांगून ठेवते.

घरात दोन बदल केले. आंघोळीच्या पाण्याचा बंब बंद केला, भावाने गीझर बसवला. आणि शेकोट्यांची राखण चुलतभावाच्या पोराकडे गेली, अण्णांनी धुराकडे फिरकायचं नाही.

कागदांची दोन कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये केली. पॉलिसीत भरती होण्याआधीचा ३० दिवसांचा आणि नंतरचा ६० दिवसांचा खर्च मिळतो. रुग्णवाहिकेचा प्रश्न नव्हता, १०८ ला पैसे लागत नाहीत. पण औषधं, तपासणीची फी, नंतरचा एक्स-रे हे सगळं त्यात बसतं, फक्त प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी हवी. ती पुडकी सांभाळून ठेवली, मूळ कागद कुरिअर करण्याआधी एकेका पानाचा फोटो काढला. एप्रिलमध्ये ३,१४० रुपये खात्यात आले.

दुसरं काम आयुष्मान वय वंदना कार्डाचं. सत्तर किंवा जास्त वयाच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळवून देणारी ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली होती. खासगी मेडिक्लेम असला तरी कार्ड काढता येतं. अण्णा पात्र होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल एवढंच लागलं. अण्णांच्या आधारला जुना, बंद पडलेला नंबर होता, तो बदलण्यातच आठवडा गेला. कार्ड सगळ्या दवाखान्यांत चालत नाही, जे योजनेत आहेत तिथेच चालतं. आपल्या जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, ते घाईची वेळ यायच्या आधी बघून ठेवा.

२ मार्चला तिसरी गोळी वर गेली. अण्णांनी ती दोन सेकंद धरली, आईला हाक मारली आणि परत करून दाखवली. १० तारखेला एक्स-रे. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचा न्यूमोनियानंतरचा एक्स-रे टाळू नये, कारण क्वचित त्या ढगामागे दुसरंच काही लपलेलं असतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या सहा आठवड्यांत ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

मार्चच्या शेवटी न्यूमोकोकसची लस दिली, पावसाळ्याआधी फ्लूची देणार आहोत. ऱ्हायनोव्हायरसवर लस नाही, इतक्या प्रकारांवर एक लस बनवणं अजून जमलेलं नाही. म्हणून मागून शिरणाऱ्या जिवाणूचा तरी रस्ता अडवायचा.

फोनवर मी आता आईला ताप विचारते तो शेवटी. आधी विचारते, जेवले किती, बोलणं सरळ आहे का, नळापर्यंत जाताना थांबावं लागतं का, आणि श्वास किती. श्वास मोजायचं त्या कॅज्युअल्टीतल्या मुलीनेच आईला शिकवलं होतं. समोरच्याला सांगायचं नाही, कारण कळलं की माणूस श्वास बदलतो. अण्णा दुपारी झोपले की आई पायथ्याशी बसते, मनगटावरचं जुनं एचएमटी घड्याळ सैल करून हातात घेते आणि पांघरूण वर आलं की एक, परत वर आलं की दोन, असं पूर्ण मिनिट मोजते. शाळेच्या जुन्या हजेरीवहीत तिने रकाने आखले आहेत. मागच्या रविवारी मी वही उघडली तर शेवटची नोंद होती: श्वास १८. भाकरी दीड. बागेत जाऊन आले.